स्पितीच्या पठारावर हिवाळा काढायचा असेल तर

प्रश्न असा आहे: डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत हिमाचलमधल्या स्पितीतल्या लांगझा, हिक्किम, कोमिक किंवा देमुल यांपैकी एका गावात, एखाद्या कुटुंबाच्या घरी राहून लोकरकाम आणि विणकाम नोंदवायचं आहे. उणे पंचवीसमध्ये टिकायला कपडे कोणते घ्यावेत आणि वर नेट मिळतं का?

कपडे आणि नेट शेवटी घेतो, कारण त्यांवाचून फारसं अडत नाही. अडतं ते पाण्यावाचून आणि सरपणावाचून. जानेवारीत तर ही दोन्ही एकच होऊन बसतात, कारण पाणी हवं असेल तर बऱ्याचदा काहीतरी जाळावं लागतं. घरातल्या बाईचा सगळा दिवस या हिशेबाभोवती फिरतो आणि चार महिन्यांचा पाहुणा त्यात एक तोंड वाढवतो. तयारी या बाजूनं सुरू केली तर बाकीचं जमतं.

आधी जागा समजून घ्या. खाली दरीत काझा आहे, सुमारे ३,६५० मीटरवर. ही गावं त्याच्या वरच्या पठारावर, ४,३०० ते ४,५०० मीटरच्या पट्ट्यात आहेत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेतीन कळसूबाई एकावर एक. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५८-५९ टक्केच असतो आणि पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं. या दोन आकड्यांचा त्रास रोज कुठे ना कुठे होतो, त्यामुळे ते लक्षात ठेवा.

जायचा रस्ता डिसेंबरात एकच: शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. मनालीकडून यायचं तर कुंझुम खिंड लागते आणि ती साधारण नोव्हेंबरात बंद होते ती मे-जूनपर्यंत. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून ‘आता बारमाही रस्ता झाला’ असं बरेच जण धरून चालतात. तो बोगदा लाहौलला नेतो. कुंझुम त्याच्या पुष्कळ पुढे आहे आणि तिच्याखालून काही जात नाही. तसाही किन्नौरचा रस्ताच बरा, कारण तो हळूहळू चढतो. कल्पाला (सुमारे २,९६० मीटर) दोन रात्री, ताबोला (सुमारे ३,२८०) दोन, काझाला किमान चार. काझातल्या तिसऱ्या दिवशी वरच्या गावात जाऊन दोन-तीन तास थांबा आणि झोपायला खाली या. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा सर्वमान्य नियम आहे. काझा ते कोमिक ही उडी साडेआठशेची आहे आणि मधे झोपायला गाव नाही, म्हणून काझातच दिवस जास्त घालवायचे. उंची बाधू नये म्हणून ॲसिटाझोलामाइड घ्यायचं असेल (नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा) तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे पहिले दोन-तीन दिवस चालतं. झोपेत श्वास मधेच थांबून पुन्हा जोरात सुरू होतो, त्यानेही घाबरू नका. घाबरायचं दोन लक्षणांना. एक, बसल्या जागी धाप लागते आणि खोकला थांबत नाही. दोन, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकता येत नाहीत. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली काझाला. पहिल्या आठवड्यात बर्फवृष्टीचा अंदाज असेल तर वर चढूच नका, नाहीतर नेमकं उतरायच्या वेळी रस्ता बंद असतो.

आता पाणी. नळ बहुतेक गावांत आले आहेत, पण नोव्हेंबरअखेर नळ गोठतो तो मार्च उलटेपर्यंत. त्यानंतर पाण्याच्या दोनच जागा उरतात: झरा आणि बर्फ.

झरा असेल तर गाव सुखी. झऱ्याचं पाणी जमिनीतून शून्याच्या वर तापमान घेऊन निघतं, म्हणून तोंडाशी गोठत नाही. चार पावलं वाहिलं की गोठतं. रोज थरावर थर चढून झऱ्याभोवती काचेसारखा उतार तयार होतो आणि हिवाळ्यातले हात-पाय बहुतेक तिथेच मोडतात. म्हणून जाताना डबाभर राख न्यायची आणि पाऊल पडेल तिथे टाकायची. वाळूपेक्षा राख बरी, कारण काळपट राख ऊन ओढून घेते आणि बर्फात थोडी रुतून बसते. कॅन दहा लिटरचा घ्या, वीसचा नको. या उंचीवर पाठीवर वीस किलो घेऊन चढ चढणं हे स्थानिकांचं काम आहे, आणि अर्धा भरलेला मोठा कॅन पाठीवर हिंदकळून तोल घालवतो. हातात पातळ लोकरी मोजे आणि त्यावर भांडी घासायचे लांब रबरी मोजे घाला. वाऱ्यात भिजलेला लोकरी हातमोजा हा हिमदंशाचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. वेळ अकरा ते दोन. याच वेळी जनावरंही पाण्यावर आणतात, कारण घरातलं पाणी त्यांना पुरवणं अशक्य असतं. एक गाय दिवसाला माणसाच्या कितीतरी पट पाणी पिते. त्यामुळे जनावरांच्या आधी जाऊन भरा, किंवा झऱ्याच्या वरच्या अंगाला भरा.

बर्फ वितळवून पाणी करणं हा दुसरा मार्ग, आणि तो महाग आहे. शून्य अंशाच्या बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. इथे पाणी ८५ लाच उकळतं, म्हणजे झऱ्याचं पाणी उकळण्यापेक्षा बर्फापासूनचं पाणी उकळायला जळण दुप्पट. वीस लिटर पाणी नुसतं वितळवून मिळवायला सुमारे ६,७०० किलोज्यूल लागतात. सुक्या शेणीतून किलोमागे १२,००० किलोज्यूल मिळतात आणि त्यातला पाचवा हिस्सा भांड्यात पोचतो असं ढोबळ धरलं, तर तीन किलो शेण्या फक्त वितळवण्यात गेल्या. तुमची रोजची अंघोळ म्हणजे कोणाचं तरी उन्हाळ्यातलं एक दुपारभर शेण गोळा करणं. आठवड्याला एकदा, पाच लिटरमध्ये, दुपारी: एवढंच मागा.

वितळवायची रीत: भांड्याच्या तळाशी आधी दोन तांबे पाणी ठेवायचं आणि मग बर्फ थोडा थोडा टाकायचा. कोरडा भुसभुशीत बर्फ सरळ तापल्या भांड्यात कोंबला तर तळाला झालेलं पाणी वरचा बर्फ वातीसारखं शोषून घेतो, तळ कोरडा पडतो, भांडं जळतं आणि पाण्याला करपट वास लागतो. ताज्या बर्फाच्या दहा बादल्यांतून एक बादली पाणी निघतं. वाऱ्यानं दाबलेल्या जुन्या बर्फातून तीन-चार निघतात. म्हणून फावड्यानं ठोकळे कापता येतील असा जुना बर्फ घ्यायचा. छपरावरचा आणि गोठ्यामागचा घ्यायचा नाही.

साठवताना कॅन तीन चतुर्थांशच भरा. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेला कॅन शिवणीवर फाटतो. पिण्याची बाटली रात्री उलटी ठेवा: बर्फ वरच्या बाजूनं धरतो, त्यामुळे सकाळी झाकण मोकळं असतं. नळ गोठला म्हणून पाइपाखाली जाळ करू नका. काळा प्लास्टिकचा पाइप वितळतो. लोखंडी पाइप सांध्यात तडकतो, ते दिसतं एप्रिलमध्ये, आणि तोवर तुम्ही निघून गेलेला असता.

दुसरी मोठी गोष्ट शेगडी. तिथे तिला तंदूर म्हणतात, पण रोट्या लावायच्या तंदूरशी तिचा संबंध नाही. पत्र्याची पेटी, पुढे दार, खाली राखेचा खण, वर भांड्यांसाठी दोन-तीन भोकं, मागून छपरातून वर जाणारा पत्र्याचा पाइप आणि पाइपात हवा कमी-जास्त करायची झडप. हिवाळ्यात सगळं घर या एका खोलीत राहतं. आपल्याकडच्या बंबासारखं एक भांडं तिच्यावर कायम चढलेलं असतं. एवढ्या उंचीवर झाडं जवळजवळ नाहीत, म्हणून जळण म्हणजे मुख्यतः शेण: याक, गाय आणि चुरू (याक-गायीचा संकर) यांच्या शेण्या उन्हाळाभर माळावरून वेचून आणलेल्या, आणि मेंढ्या-शेळ्यांच्या लेंड्यांचा गोठ्यात तुडवून घट्ट झालेला थर कुदळीनं विटांसारखा कापलेला. शेण्यांनी आग पटकन धरते पण टिकत नाही. लेंड्यांची वीट उशिरा पेटते आणि रात्री उशिरापर्यंत पुरते. लाकूड खालून येतं आणि जपून वापरतात. तुमच्या वाटणीचं लाकूड नोव्हेंबरातच काझाहून पिकअपनं वर पाठवा. खोलीभाड्यात जळण धरलेलं नसतं, आणि यजमान ते कधी तोंडानं सांगणार नाहीत.

शेणाच्या धुरानं पाइपात काजळी लवकर धरते. आठ-दहा दिवसांनी शेगडी थंड असताना पाइपाचे तुकडे सुटे करून अंगणात झटकायचे. पेटवताना धूर दारातून मागे येऊ लागला, किंवा जाळ पिवळट आणि सुस्त झाला, की दिवस भरले नसले तरी काढा. छपरातून पाइप जातो तिथे भोवती पत्र्याची रुंद चौकट आहे ना ते पहिल्याच दिवशी बघा. नुसता लाकडात घुसवलेला पाइप दिसला तर यजमानांशी बोलून पत्रा लावून घ्या.

रात्री झडप बंद करून निखारे धुमसत ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. धुमसत्या शेणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि लक्षणं डोकेदुखी, मळमळ, गळाठा. म्हणजे तंतोतंत विरळ हवेची लक्षणं, आणि घोटाळा इथेच होतो: पाहुणा ‘मला उंची बाधली’ म्हणून त्याच खोलीत पांघरूण घेऊन पडून राहतो. ओळखायची खूण अशी: खोलीतल्या स्थानिक माणसांचंही डोकं दुखत असेल, किंवा बाहेर अर्धा तास बसल्यावर उतार पडत असेल, तर दोष शेगडीचा आहे. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा छोटा गजर मिळतो. सामानातली महागडी जाकिटं कमी करा पण तो घ्या. पाइप नसलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत नेऊन झोपणं म्हणजे मरण, त्यावर चर्चा नको. रात्री आग विझते, सकाळी तांब्यात बर्फ असतो, आणि माणसं जाड गोधड्यांखाली ठीक असतात.

स्वयंपाकात ८५ अंशांचा अडसर कळतो. उघड्या भांड्यात राजमा, हरभरा दिवसभर उकळला तरी कडकच राहतो. कुकरमध्ये मैदानात १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, इथे ११२-११३ पर्यंत. त्यामुळे शिट्ट्या जवळजवळ दीडपट-दुप्पट. डाळ भिजवायची तर शेगडीलगत भिजवा. दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली तर सकाळी बर्फात अडकलेली डाळ मिळते. मसूर आणि मूगडाळ न्या, राजमा विसरा. एरवी घरात सातू असतोच. भाजून दळलेलं पीठ, म्हणजे त्साम्पा, लोणी-मिठाच्या चहात कालवून खातात. शिजवायचं नाही, पाणी कमी, जळण नाही. इतक्या कोंडीतून निघालेला दुसरा पदार्थ सापडणार नाही. बटाटे, गाजर, सलगम खड्ड्यात पुरलेले असतात आणि वर मातीचा जाड थर. खड्डा दुपारीच उघडायचा आणि लगेच बुजवायचा. एकदा गोठलेला बटाटा आधी गोडसर होतो आणि मग सडतो. ताजी भाजी विसराच.

शौचालय कोरडं असतं: वरच्या मजल्यावर भोक, खाली बंद खोली, कोपऱ्यात माती आणि राखेचा ढीग. काम झालं की दोन फावडी माती. वसंतात ते सगळं खत होऊन शेतात जातं, म्हणून त्यात काय पडतं याला महत्त्व आहे. पाण्याची सवय इथे नडते. रोज तांब्याभर पाणी ओतलं तर खालचा ढीग एकसंध बर्फ होतो, एप्रिलमध्ये कुदळीला दाद देत नाही आणि वितळताना मातीची भिंत भिजवतो. कागद वापरा आणि तो शेगडीत जाळावा की भोकात टाकावा हे घरात विचारून घ्या. सॅनिटरी पॅड आणि ओले टिश्यू पिशवीत भरून काझाला परत.

छपरं आपल्या मराठवाड्यातल्या माळवदासारखी, सपाट आणि मातीची. लाकडी तुळया, वर काटक्या, त्यावर माती. ती मुळात कोरड्या हवेसाठी आहेत, म्हणून बर्फ पडला की लगेच, पहाट असो वा रात्र, सगळं गाव छपरावर दिसतं. ताजा फूटभर बर्फ चौरस मीटरला तीसेक किलो भरतो. तोच दबून ओला झाला आणि पुन्हा पडला की नव्वदच्या घरात जातो. साठ चौरस मीटरच्या छपरावर हा फरक दोन टनांपासून पाच टनांपर्यंतचा आहे. फावडं लाकडी वापरायचं; लोखंडी फावड्यानं मातीचा वरचा लेप खरवडतो आणि मग मार्चमध्ये तिथूनच गळतं. शेवटचे दोन बोटं बर्फ तसाच सोडायचा, तो झाडूनं काढतात. छपराच्या कडेला सरपण आणि चारा रचलेला असतो, त्यावर पाय देऊ नका. टाकायच्या बाजूला खाली कोणी आहे का ते ओरडून विचारायचं. हे काम पाहुण्यानं न सांगता करावं. पहिले दहा दिवस मात्र नाही. धाप लागून तुम्हालाच उचलून खाली आणावं लागेल.

घराचा रिवाजही थोडा माहीत असावा. स्पितीत जमीन आणि तिच्याबरोबरचं पाटाचं पाणी परंपरेनं थोरल्या मुलाकडे जातं. त्याचं ते खंगछेन, मोठं घर. त्याचं लग्न झालं की आईवडील शेजारच्या खंगछुंगमध्ये, धाकट्या घरात जातात. धाकटे मुलगे पूर्वी गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात जात. आता हे सैल झालं आहे, पण कारण पटण्यासारखं होतं: वर्षाला एकच पीक, पाणी मोजकं, वाटण्या झाल्या असत्या तर दोन पिढ्यांत कोणाचंच भागलं नसतं. तुमचं विणकाम नोंदवायचं काम बहुधा खंगछुंगमध्येच होईल, कारण चरखा आणि फुरसत तिथे असते. राहणं आणि जळण याचा व्यवहार मात्र मोठ्या घराशी बोलायचा. आत शिरताना ‘जुले’ म्हणा, म्हाताऱ्या पुरुषांना ‘मेमे’. शेगडीजवळची वरची जागा त्यांची असते. सांगेपर्यंत तिथे बसू नका.

रात्री गोठ्याचं दार उघडं राहिलं तर त्याची किंमत मोठी आहे. हिवाळ्यात भरल आणि आयबेक्स (डोंगरातल्या रानमेंढ्या आणि रानबकऱ्या) खाली उतरतात, त्यांच्यामागे हिमबिबट्या गावाजवळ येतो. तो बुटक्या गोठ्यात झरोक्यातूनही शिरतो आणि कोंडलेल्या मेंढ्यांत एकीवर थांबत नाही. झरोक्याला जाळी आणि दाराला आतून आडणा हा उपाय. बाहेर जाताना दार ओढलंत ना, एवढं बघा.

आता राहिलेले प्रश्न. कपडे: अंगालगत लोकरीचे दोन जोड, वर जाड लोकर, त्यावर पिसांचं जाकीट, वारा अडवणारा बाहेरचा थर, सुती काहीही नको. बूट एक नंबर मोठे, कारण घट्ट बुटात रक्त पोचत नाही. गडद गॉगल दोन, कारण बर्फावरून परतलेलं ऊन एका दुपारीत डोळे सुजवतं. बोटं पांढरी आणि बधिर पडली तर चोळू नका आणि शेगडीजवळ शेकू नका. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात धरा, आणि पुन्हा गोठायची शक्यता असेल तर तेही थांबवा.

नेट गावागणिक आणि दिवसागणिक बदलतं. काझात काम होतं, वर भरवसा नाही. नोंदी रोज हार्डडिस्कवर उतरवा. बर्फ पडला की वीज दिवसचे दिवस जाते. सौर पॅनेल हिवाळ्यात उभट ठेवायचं, ५० अंशांच्या आसपास: डिसेंबरात भरदुपारी सूर्य इथे क्षितिजाच्या वर जेमतेम ३४ अंशांवर असतो, आणि उभट पॅनेलवरून बर्फही घसरतो. लिथियम बॅटरी शून्याखाली असताना चार्जिंगला लावू नका, कायमची खराब होते. आधी कुशीत घेऊन गरम करा. घरातली शिशाची बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका. भरलेली बॅटरी थंडीत टिकते. उतरलेलीतलं आम्ल पातळ होऊन गोठतं आणि कवच फुटतं.

परतीचं मार्चअखेरचं तिकीट पक्कं करू नका. मार्चमध्ये ऊन वाढतं, दुपारनंतर उतारांवरचा बर्फ सुटतो, नाल्यांत हिमलोट आणि दगड येतात. काझा ते नाको हा पट्टा कधी दोन दिवस बंद, कधी दहा. ताज्या बर्फानंतर दोन दिवस थांबायचं, आणि निघायचं ते पहाटे, सगळं गोठलेलं असताना. मधे पंधरा दिवस मोकळे ठेवा. निघताना कॅन, रबरी मोजे आणि उरलेलं लाकूड घरीच ठेवून या. एप्रिलमध्ये पाट साफ करायला घरटी एक माणूस जातो, तेव्हा रबरी मोजे लागतातच.